पालकाचा सयपाक

— नाही नाही, तिथं नका उभं राहू मॅडम, पालकावर सावली पडून राह्यली तुमची — बरं राहा, राहा, तुमची चालते, तुमाले नाही म्हटलं मी, जिभेले सवयच लागली आता. दिवसभर तेच बोलतो नं. माणूस दिसला का तोंडातून निघते, ‘सावली उचल.’ काल तं कुत्र्याले म्हटलं. बसा त्या डब्यावर. शाळा सुटली तुमची, आता कायची घाई? चहा सांगतो. प्रयागबाई! — प्रयागबाई, मॅडम आल्या! — ऐकत नाही. बायको माझी. चूल उघड्यावर हाय नं आजकाल, दिवसभर उन्हात सयपाक, डोकं तापलेलंच असते तिचं. चूल काऊन उघड्यावर हाय ते सांगतो पुढं.

तं काय म्हणत होतो — हां, उद्या गिरदावर येऊन राह्यला. तुमी लोक त्याले आर.आय. म्हणता, पण आमच्या बापानं गिरदावर म्हटलं, आमी बी तेच म्हणतो. मौका पाहाले येते. वस्तीवाल्याईनं बोथ गावच्या तहसीलीत दरखास्त देली, का बाबारावनं आमचा शाळेचा रस्ता बंद केला. बाबाराव म्हणजे मीच. पाहा, वस्ती तिकडं, दक्षिणेकडं — तो निळा झेंडा दिसते नं टिनाच्या वरून, तो त्याईच्या विहाराचा. शाळा तुमची इकडं, उत्तरेकडं. अन् मधात माझी वाडी. मंग लोक जातील कुठून? मधातूनच. माझ्या आज्यापासून जातात. नक्शात रस्ता नाही, पण जात होते, कोणी अडवलं नाही. आता मी अडवलं. अन् काऊन अडवलं ते उद्या गिरदावराले सांगाचं हाय. पण मी सांगतलं तं तो म्हणीन, भाजीवाला बोलते, याले काय समजते. तुमी सांगतलं तं ऐकीन. काऊन का ते कारण माझं नाहीच मॅडम, तुमचं हाय! म्हणून तं निरोप धाडला तुमाले.

तुमीच शिकवलं नं बाप्पा. सातवीचा वर्ग, ती तिसरी खिडकी. मी इकडं मेथीले पाणी देऊन राह्यलो होतो. तुमी शाळेत नव्याच आल्या होत्या, पण आवाज काय खणखणीत! ‘मुलांनो, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर.’ मी पाईप टाकला अन् खिडकीखाली उकिडवा बसलो. उभ्या जन्मात मी दुसरं काही लावलं नाही मॅडम — पालक, मेथी, आंबाडी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर — अन् मले कोणीच सांगतलं नव्हतं का इथं सयपाक चालू हाय! मी समजत होतो, झाड जमिनीतून खाते. खत टाकलं, पाणी देलं, जेवलं झाड. तुमी म्हटलं, नाही. जमिनीतून येते पाणी, अन् त्यासंगं चिमूटभर मीठ-मसाला. जेवण शिजते पानात. पानाले खालून बारीक बारीक तोंडं, त्यातून हवा आत जाते. आत पेशी — पेशी म्हणजे खोल्या. एकेका खोलीत हिरवे दाणे, हरितलवक. बरोबर म्हटलं? पाहा! प्रयागबाईच्या जिभेवर अजून बसत नाही, मी झोपेत बी म्हणतो. त्या दाण्याइत ऊन पकडल्या जाते. उन्हाच्या जोरावर पाणी फोडल्या जाते, त्यातला ऑक्सिजन बाहेर सोडून देते ते, आपल्याले. अन् राह्यलेल्या जोरावर हवेची साखर करते. हवेची साखर, मॅडम! विस्तव नाही, भांडं नाही, धूर नाही! मी घरी आलो तं मले भरूनच आलं. प्रयागबाईनं इचारलं, कोणी मेलं काय?

आता सयपाकघर म्हटलं का त्याचे कायदे आले का नाही? तुमीच सांगा. आमच्या मायचं सयपाकघर असं होतं का तिथं मी, पोटचा पोरगा, आंघोळ केल्याबिगर पाय टाकू शकत नव्हतो. चुलीसमोर कोणी उभं राह्यलं, सावली पडली भाकरीवर, का माय उलथनं उचले. मी म्हणो, माय, सावलीनं काय होते? ते म्हणे, तुले नाही समजत. अन् मॅडम, तिले समजत होतं! शाळेची पायरी नाही चढली माझी माय, पण तुमच्या पुस्तकात जे आज आलं ते तिले तवाच मालूम होतं — सयपाकावर सावली पडू द्याची नाही. मले त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं का आपले जुने लोक काही वेडे नव्हते. सगळं सायन्सच होतं. फक्त काऊन ते सांगत नव्हते.

मंग मी पाहाले लागलो. दिवसभर बसून राहो इथं, ह्याच डब्यावर. सकाळी वस्तीतून लोक निघत. पोट्टे शाळेत, बाया कामाले, ते बँकेत लागलेले, ते तहसीलीत लागलेले, सगळे मधातून. ऊन दक्षिणेकडून, थंडीचे दिवस, तं सावली सरळ वाफ्यावर. एक गेला का दुसरा, दुसरा गेला का तिसरा. सपासप, सपासप. पालक बिचारा पाणी फोडाले बसला, का सावली. पुन्हा पेटवली चूल, का सावली. सांगा मले, तुमच्या घरी भाकर तव्यावर टाकली अन् कोणी येऊन गॅस बंद-चालू, बंद-चालू केला, तं ते भाकर काय होईन? कच्ची होईन. तसंच पान. अर्धवट शिजलेलं. दिसाले हिरवं, आतून कच्चं.

अन् आता खरी गोष्ट सांगतो, कोणाले सांगू नका — प्रयागबाईले बी नाही सांगतली. तुमी त्याच तासाले म्हटलं होतं, का साखर कायची होते? तं आपण जो श्वास सोडतो त्यातल्या हवेची. कार्बन-डायऑक्साइड. म्हणजे माणसाचा सोडलेला श्वास पान आत घेते अन् त्याचंच जेवण करते. मॅडम, मले त्या रात्री झोप नाही. वारा ह्या दिवसात कुठून येते? कधी इकडून, कधी — तिकडून. तिकडं वस्ती. एवढे लोक, एवढे श्वास. अन् ते माझ्या मेथीत! दुसऱ्या दिवशी ताटात मेथीची भाजी आली अन् घास काही उचलेना. मी पाहून राह्यलो भाजीकडं, प्रयागबाई पाहून राह्यली माझ्याकडं. म्हटलं, पोट दुखते. सात पिढ्याईत कोणी ज्या घरचं पाणी पेलं नाही, त्याईचा श्वास मी लसणाची फोडणी देऊन खातो काय?

नाही, नाही, तुमी गैरसमज करून राह्यल्या. जात-पात नाही मानत मी. आता कोण मानते? गेलं ते सगळं. मी तं त्याईच्या हातचा चहा बी पेलो असतो — म्हणजे वेळ नाही आली. बोलावलं असतं तं पेलो असतो. हे सायन्सचं सांगून राह्यलो मी. पुढं ऐका नं. मंग मीच विचार केला, अन् मीच उत्तर काढलं. का साखर झाली का झालं! साखर म्हणजे शुद्ध. ऊन लागलं, सयपाक पुरा झाला, का तो कोणाचा श्वास होता याले काही अर्थ नाही. अग्नीतून निघालं ते चोख. पण — पण सयपाक पुरा झाला तं! मधातच सावली पडली, चूल विझली, तं काय राह्यलं पानात? श्वासच राह्यला! कच्चा! जसा नाकातून निघाला तसा! आता समजलं तुमाले, हे किती नाजूक काम हाय? रस्ता बंद करा लागला तो हौसेनं नाही केला मी.

अन् एकदम बी नाही केला. आधी समजावून सांगतलं. गोडीनं. म्हटलं, ढगाळ दिवशी या ना बाप्पा, ढगाची सावली साऱ्याइवर सारखी पडते, त्यात कोणाची कोणती ते पालकाले बी समजत नाही. तं ते म्हणाले, शाळा काय ढग पाहून भरते? म्हटलं, बरं, बारा वाजता जा, सावली पायाखाली राह्यते. पण मी स्वतः उभं राहून पाह्यलं, थंडीत बाराले बी सावली लांबच पडते, सूर्यच तिरपा. म्हटलं, मंग दिवस बुडाल्यावर जा, तवा पानं ऊन पकडत नाही. तं एक पोट्टी हसली, म्हणे, काका, तवा आमी बी शाळेत जात नाही. मंग मी पोट्ट्याइले म्हटलं, पळत जा. पळालं का सावली टिकत नाही, वाफ्यावरून नुसती घसरते. ते त्याईले लय आवडलं! पळाले ना, आठ दिवस पळाले, शर्यत लावून पळाले, अन् आंबाडीचा पुरा वाफा तुडवला.

काय म्हटलं? दुसरे लोक? कोण दुसरे? — हां, गोपाल शेट येते न. तो भाजी उचलाले येते, त्याले तं या लागते. मधातूनच येते, गाडीवर. पण त्याची सावली, कशी सांगू, पातळ हाय. तो शाकाहारी माणूस. अन् घाईत राह्यते. अन् सांगून येते. प्रयागबाईचा भाऊ येते, तो घरचाच हाय. म्हैस जाते — म्हशीची सावली मोठी हाय, मी नाही म्हणत नाही, पण म्हैस खाली मुंडकं घालून जाते. तेच तं मी सांगून राह्यलो मॅडम, फरक त्यात हाय! वाकून चाललं का सावली आखूड पडते. ताठ चाललं का लांब पडते. हे तुमी नाही शिकवलं, हे मी पाहून काढलं. पहिले ते लोक जात होते नं मधातून, माझ्या बापाच्या काळी, तं कसे जात? खांद्यावरचं काढून, खाली पाहून, चपला हातात. वाफ्याले मालूम बी पडत नव्हतं कोणी गेलं ते. आता? बूट. पांढरा शर्ट खोचलेला. मोबाइल कानाले, छाती अशी पुढं, अन् मले म्हणतात ‘काय बाबाराव, बरं हाय ना?’ — बाबाराव! माझ्या बापाले ते मालक म्हणत. मंग सावली लांब पडणार नाही तं काय? किती लांब पडते मालूम? पार त्या तिसऱ्या वाफ्यापर्यंत. मी पाह्यलं, अन् माझ्या छातीत कळ आली. पालकासाठी म्हणतो.

मंग टिनं लावली. पहिले बोराटी टाकली होती, पण काट्यातून सावली गळते. म्हणून टिनं. गोठ्याची काढली आधी. म्हैस आता निंबाखाली राह्यते. तरी कोपऱ्यावर एक फट राह्यली, तं न्हाणीची काढली. मंग पाह्यलं, का माणूस उंच असला तं डोकं टिनाच्या वरून दिसते, अन् डोक्याची सावली आत पडते. डोक्याचीच लय वाईट. तं सयपाकघराची काढली अन् टिनावर टिन चढवलं. तेव्हापासून प्रयागबाई उघड्यावर. म्हटलं नाही मी तुमाले, सांगतो म्हणून? पक्कं काम केलं, तारेनं बांधलं. अन् एक सावली येत नाही आता आत. एक नाही. चिमणी वरून गेली तं तेवढीच.

आता पालक पाहा. पाहा, तुमी स्वतः पाहा. पिवळा पडला ना? मेथी पाहा, कशी लांब लांब दांडी काढून राह्यली, पान नाही, नुसती दांडी, जशी काही मान उंच करून कोणाले शोधून राह्यली. आंबाडी गेलीच. गोपाल शेट काल आला, म्हणे, बाबाराव, हा काय पालकूरा हाय, का रोगट गवत? पालकाले पालकूराच म्हणते तो, तेलुगूत. उचललाच नाही त्यानं. बाजारात नेला तं बाया हात लावून सोडून देतात. तुमी म्हणाल, आता तं सावली बंद झाली, मंग पिवळा काऊन? तेच तं गिरदावराले दाखवाचं हाय! जुन्या सावल्या मॅडम. इतक्या वर्साच्या, पिढ्यापिढ्याच्या. पडल्या, पडल्या, अन् जमिनीत मुरल्या. आता वर येऊन राह्यल्या. जसजसा पालक पिवळा पडते, तसतसं मले पटते का किती सावली पडली असन ह्या जागेवर. मी तं म्हणतो आणखी एक टिन वर चढवा लागते. पण घरावर टिन उरलंच नाही.

प्रयागबाई म्हणते — तिचं काय ऐकता, पण सांगतो — परवा जेवण वाढता वाढता म्हणते, ‘मी उन्हात शिजून राह्यली अन् तुमचा पालक थंडीनं मरून राह्यला. टिनं तिथून काढा अन् इथं लावा, दोघाइचं भलं होईन.’ बाईच्या जातीले सायन्स कसं समजवाचं? मी म्हटलं, हरितलवक म्हण. म्हणता येईना. म्हटलं, मंग चूप राहा.

हां? — कोण तोडते भाजी? कोणीच नाही, तीच तं पंचाईत झाली. पहिले वस्तीतल्याच बाया येत तोडाले. द्वारकाबाई अन् तिच्यासंगं आणखी दोघी-तिघी. द्वारकाबाई तं माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या वाडीत. मेथी उपटून जुडी बांधे, हातात मशीन असल्यासारखी, अन् तोंड चालू. मले शिव्या द्याची ते. मालक असून शिव्या द्याची! ‘बाबाराव, तुझ्या पाण्याच्या पाळीले आग लागो’ — अशी. मी बी हसो. दुपारी तिकडं बांधावर भाकर खाय, अन् मी इकडं. खर्डा मस्त कराची म्हणतात. नाही, मी नाही खाल्ला कधी. वास येत होता. मी तिले म्हटलं होतं, का द्वारका, तू ये, तुले कोण नाही म्हणते, फक्त तोडताना अशी जराकशी उत्तरेकडून बस, म्हणजे तुझी सावली तुझ्याच मागं पडीन. अन् उठून उभी नको राहू. रांगत सरक. तं ते उठली. अशी ताठ उभी राह्यली, विळा टाकला वाफ्यात. शिवी बी नाही देली. गेली. मले त्याचंच लागलं, मॅडम. शिवी देली असती तं मी समजलो असतो का उद्या येते.

मंग टिनं लागल्यावर ते दुसरीकडं कामाले सडकेनं जाले लागली, साऱ्याइसारखी. तिकडून लांब पडते, हायवेच्या कडेनं, ट्रक चालतात. पुलाच्या तोंडाशी एका ट्रकनं हॉर्न मारला, ते दचकून खाली पडली. हात मोडला. आता तं त्यात माझं काय? ट्रक काय माझा हाय? पोट्टे बी तिथूनच जातात, त्याईले काही झालं काय? म्हणजे एकदा सायकलवाल्या पोट्ट्याले घासून गेला म्हणतात. घासूनच गेला. पण मले वाईट वाटलं, द्वारकाबाईचं. खरंच वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. वाडीत बसलो का इकडं तिकडं पाहातो, कोणी बोलतच नाही. पालक बी चूप, प्रयागबाई बी चूप. मी तिले भेटाले जाणार होतो. मेथीची जुडी घेतली होती हातात, पिवळीच, पण घेतली. निघालो, टिनापर्यंत गेलो. मंग आठवलं, रस्ता तं बंद हाय. अन् सडकेनं कोण जाते, तिकडून लय लांब पडते. परत आलो.

काय इचारलं? आता कोणाची सावली? कुठं? — ही? वाफ्यावरची? हे तं टिनाची हाय. हो, पडते ना. सकाळपासून पडते, दिवस बुडेपर्यंत पडते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंग? टिनाच्या सावलीनं काय होते मॅडम, टिन आपलं हाय.

हसता काऊन? — नाही हसून राह्यल्या? मले वाटलं हसल्या. बरं, तं उद्याचं ठरलं मंग. गिरदावर आला का मी निरोप धाडतो, तुमी फक्त या अन् त्याच्या समोर तेच म्हणा जे वर्गात म्हटलं. ऊन नाही तं पानात जेवण होत नाही. सावली पडली का सयपाक बंद. एवढंच. कोणाची सावली ते तुमी नका सांगू, ते मी दाखवतो बोट करून. खोटं थोडीच बोला लागते तुमाले? पुस्तकातलंच तं हाय. अन् तुमच्यासारख्या माणसानं म्हटलं तं वजन पडते. मी प्रयागबाईले पहिल्या दिवशीच म्हटलं, मॅडम चांगल्या घरच्या दिसतात. बोलणं साफ, राहणं साफ. आडनाव काही तुमी सांगतलं नाही, दोनदा इचारलं मी, तुमी नुसतं नीलिमा म्हटलं. मी म्हटलं असन बाप्पा, आजकालच्या पोरी आडनाव नाही लावत. पण वळण दिसते ना माणसाचं. आदिलाबादले राहता, तं तिकडं आपल्या लोकाइची घरं बी लय हायत. कोणाकडून तुमी? कदाचित नातंच निघीन काही.

निघते? — नातं? वा! पाहा, म्हटलं नव्हतं मी? कोणाकडून? — कोण? — द्वारकाबाई? कोणती द्वारकाबाई — आमची? —

आजी? — म्हणजे तिची लेक जी तिकडं आदिलाबादले देली होती — तिची तुमी — हो? — असं —

असं. — नाही, चांगलं हाय. चांगलं हाय ना. शिकली द्वारकाबाईची नात, आनंदच हाय. पण मॅडम, आधी सांगाचं ना तुमी. डब्यावर बसल्या, एवढा वेळ ऐकलं, अन् मी आपला मोकळ्या मनानं — मी काही वाईट बोललो काय? मी सायन्सच सांगून राह्यलो होतो. श्वासाचं ते — ते तुमचंच तं हाय, तुमच्याच तोंडचं. अन् तुमची गोष्ट वेगळी, तुमी शिकलेल्या, तुमची सावली — म्हणजे — बरं, राहू द्या. उद्याचं राहू द्या. गिरदावराशी मी पाहून घेतो माझं मी. चहाचं बी राहू द्या, प्रयागबाईची चूल विझली असन. जा तुमी आता, उशीर होते. आजीले भेटाले निघाल्या असान, तं जा. सांगा तिले, बाबारावनं इचारलं म्हणून. नाही, नका सांगू. जा. सडकेनं जा, पुलापाशी जपून, कडेकडेनं —

— तिकडं कुठं? मॅडम, शाळा इकडं, सडक इकडं. तिकडं काही नाही, तिकडं टिन हाय. अहो, रस्ता नाही तिकडून, बंद हाय तो, म्हटलं ना आताच. वाफ्यातून — बरं मधातून चालल्या, पण चालल्या कुठं? — हात नका लावू मॅडम, गंजलेलं हाय, कापते ते. तार नका सोडू. तार नका सोडू हो, मी पक्की बांधली हाय, दोन दिवस लागले मले. प्रयागबाई! प्रयागबाई, धाव इकडं — तू काय उभी राहून पाहून राह्यली, तिले म्हण काहीतरी — मॅडम! एक टिन काढलं तं दुसरं पडते, एकावर एक हायत ते — पडलं! — पाहा, पडलं! — थांबा, अशा जाऊ नका, टिन लावून जा! मॅडम! लावा ते टिन — सारं ऊन आत येऊन राह्यलं ना!